सीबी रेडिओच्या डब्यातच पॉवर अँप्लिफायर बसवावा का?

टेकडीपलीकडे | शनिवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ४० चॅनेलचा साधा एएम सीबी सेट (२७ मेगाहर्ट्झवर बोलायचा सिटिझन बँड रेडिओ) आहे, ४ वॅटचा. मित्राचं घर सरळ रेषेत १८ किलोमीटरवर, मध्ये एक बुटकी टेकडी. सकाळी त्याचं बोलणं कळतं, पण दुपारी दूरदेशीचे आवाज यायला लागले की तो त्यात बुडून जातो.

सेट उघडून पाहिला. स्पीकरच्या शेजारी तळहाताएवढी जागा मोकळी आहे, आणि १०० वॅट म्हणून मिळणारे छोटे अँप्लिफायर बोर्ड साधारण त्याच मापाचे असतात. फायनल ट्रान्झिस्टरनंतर (म्हणजे अँटेनाला पॉवर देणाऱ्या शेवटच्या ट्रान्झिस्टरनंतर) हा बोर्ड, त्यानंतर अँटेनाचा जॅक, आणि वीज सेटच्याच वायरीतून, असा विचार आहे. बाहेर वेगळा डबा नको, लोंबत्या केबली नकोत. कुणी केलंय का हे? काय काळजी घ्यावी? कामापुरतं सोल्डरिंग येतं. मल्टीमीटर आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा) आहे.

फेराइट | ९.३१

आधी हिशेब मांडू. ४ वरून १०० वॅट म्हणजे १४ डेसिबल (पॉवर किती पट झाली त्याचं माप). एस मीटरचं (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या काट्याचं) एक घर म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे तुमच्या मित्राचा काटा सव्वादोन घरं वर जाणार. पण बोर्डावरचे १०० वॅट हे पीईपी (आवाजाच्या शिखरावरची पॉवर) असतात, कॅरिअर (न बोलताही जाणारी मूळ लहर) नव्हे. एएमवर पूर्ण मॉड्युलेशन हवं असेल तर कॅरिअर पीईपीच्या चौथाईवर ठेवावा लागतो, म्हणजे २५ वॅट. ४ वरून २५ म्हणजे ८ डेसिबल. काटा सव्वा घर हलला.

एवढ्यासाठी सेट फाडायचा का, ते तुम्ही ठरवा.

मी_नवखा | ९.४०

पीईपी चौथाईचा मुद्दा कुणी उलगडून सांगेल का? माझ्या सेटवर नुसतं ४ वॅट लिहिलंय.

डेसिबल | ९.५८

सांगतो. बटण दाबलं आणि गप्प बसलात तर मीटर ४ वॅट दाखवतो, तो कॅरिअर. बोलायला लागलात की आवाजाच्या शिखरावर कॅरिअरचं व्होल्टेज दुप्पट होतं (मॉड्युलेशन शंभर टक्के असेल तर). व्होल्टेज दुप्पट म्हणजे पॉवर चौपट. म्हणजे तुमचा ४ वॅटचा सेट शिखरावर १६ वॅट देतोच आहे. अँप्लिफायरला ही शिखरं पेलता आली पाहिजेत. १०० वॅटच्या बोर्डावर कॅरिअरच ६०-७० वर नेलात तर शिखराला जागाच उरत नाही. माथा सपाट कापला जातो, आवाज फाटतो आणि शेजारच्या चॅनेलांवर शिंतोडे उडतात.

यातच दुसरी अडचण आहे. अशा बोर्डांवर पूर्वी हमखास दिसणारा तोशिबाचा टूएससी२८७९ घ्या: १०० वॅट पीईपी, गेन (पॉवरची वाढ) साधारण १३ डेसिबल. म्हणजे त्याला पूर्ण चालवायला शिखरावर ५ वॅट पुरेत. तुमचा सेट देतोय १६. मध्ये ५ डेसिबलचा पॅड (पॉवर कमी करणारे रेझिस्टर) तरी घाला, नाहीतर सेटचा कॅरिअर सव्वा वॅटवर उतरवा. बोर्ड लावला, जॅक जोडला, झालं, असं होत नाही.

रात्रपाळी | १०.१५

फेराइट, हिशेब बरोबर आहे पण त्याचा अर्थ तुम्ही फार स्वस्तात लावताय. सिग्नल दणदणीत असताना सव्वा घर काही नाही, मान्य. पण टेकडीपलीकडे यांची अडचण काठावरची आहे. गोंगाटाच्या वर जेमतेम डोकं काढणाऱ्या आवाजाला ८ डेसिबल मिळाले तर "काय म्हणालास?" ऐवजी पूर्ण वाक्य कळतं. मी रात्री-अपरात्री काठावरचेच आवाज ऐकत असतो, तिथे २-३ डेसिबलनेही फरक पडतो.

टेकडीपलीकडे | १०.२२

रात्रपाळी, अगदी हेच म्हणायचंय मला. मोठ्ठा आवाज नकोय, कळण्यापुरता हवाय.

जुना_ऑपरेटर | १०.५०

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. धाग्याचा विरस करायचा नाही, पण हे माहीत असायला हवं.

अमेरिकेत सीबीला एएमवर ४ वॅट कॅरिअर आणि एसएसबीवर (कॅरिअर न पाठवता बोलायची पद्धत) १२ वॅट पीईपी, एवढीच मुभा आहे. अँप्लिफायर बाहेर जोडा नाहीतर आत लपवा, दोन्हीला मनाई. सेट आतून बदलला की त्याची मान्यताही जाते. हा बँड तिथे १९५८ साली २७ मेगाहर्ट्झवर आला, १९७७ मध्ये २३ चॅनेलचे ४० झाले आणि त्या धामधुमीत अँप्लिफायरचा एवढा सुळसुळाट झाला की १९७८ मध्ये २४ ते ३५ मेगाहर्ट्झवर चालणारे अँप्लिफायर विकण्यावरच बंदी आली. युरोपातही बहुतेक ठिकाणी एफएमवर ४ वॅटच.

भारतात २००५ च्या नियमानुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा विनापरवाना मोकळा आहे, जास्तीत जास्त ५ वॅट. अमेरिकी पद्धतीच्या ४० चॅनेलांपैकी २७ वा चॅनेल २७.२७५ वर येतो आणि २८ वा २७.२८५ वर, म्हणजे पट्ट्याबाहेर. सेटवर ४० आकडे दिसतात म्हणून चाळीसही आपले, असं नाही. आणि १०० वॅट तर कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

पॉवरची हौसच असेल तर हॅमची (परवानाधारक हौशी रेडिओची) परीक्षा द्या. २८ ते २९.७ मेगाहर्ट्झ हा १० मीटरचा बँड अगदी शेजारी आहे. तिथे हेच सगळं उघड माथ्याने करता येतं, आणि करता करता शिकवणारी माणसंही भेटतात.

चिमटा | ११.०४

काका, कायदा मान्य. पण "आत बसवणं" या कल्पनेवर सगळे तुटून पडलेत ते मला पटत नाही. हॅमचे १०० वॅटचे एचएफ सेट घ्या. पॉवर अँप्लिफायर आतच असतो की! आत असण्याचे फायदेही आहेत. पीटीटीची (बोलायच्या बटणाची) लाइन हाताशी असते, त्यामुळे रिले थेट बटणावर चालतो. बाहेरचे बरेचसे डबे कॅरिअरचा वास लागला की रिले ओढतात. एसएसबीवर दोन शब्दांच्या मध्ये कॅरिअर नसतो, मग रिले टकटक करत बसतो. तो धरून ठेवायला कपॅसिटरची युक्ती करावी लागते. आत ही भानगडच नाही.

स्वराली२७ | ११.४७

चिमटादादा, एचएफ सेटचा दाखला योग्य आहे, म्हणून तिथेच बोट ठेवते. त्या सेटची पाठ म्हणजे ओतीव अॅल्युमिनियमचा हीटसिंक असतो, वर पंखा. पॉवर अँप्लिफायर वेगळ्या कप्प्यात, मध्ये धातूची भिंत. एसडब्ल्यूआर वाढला की पॉवर आपोआप खाली येते. ही सगळी तयारी आधी होते, मग १०० वॅट. सीबीचा डबा पत्र्याचा असतो आणि फायनलसाठी त्याच्या बाजूला अॅल्युमिनियमची एक पट्टी, ४ वॅटच्या मापाची.

मी दुरुस्तीची कामं करते, असे सेट टेबलावर येत असतात. मागच्या पावसाळ्यात आलेल्या एकाचं सांगते. तक्रार होती, "बोलताना आवाज थरथरतो, आणि आता तर बंदच." झाकण काढलं तर आधी जळक्या बोर्डाचा वास. आत बसवलेल्या बोर्डाची आउटपुटची वायर, साधी, ढाल नसलेली, सरळ व्हीसीओच्या कॉइलवरून गेली होती. कॉइल हलू नये म्हणून ओतलेलं मेण वितळून खाली ओघळलं होतं आणि त्यात वायर रुतून बसली होती. व्हीसीओ म्हणजे सेटच्या फ्रिक्वेन्सीचं उगमस्थान. त्याच्या अंगावरून चाळीस-पन्नास वॅट नेले तर फ्रिक्वेन्सी बोलण्याच्या तालावर डोलणारच. ग्राहकाला जी थरथर ऐकू येत होती ती हीच. रिलेचे पॉइंट खड्डे पडून काळे झाले होते, कारण रिले पूर्ण बसायच्या आतच पॉवर येत होती. आणि मूळ फायनल, जो बिचारा ४ वॅटचं काम करत होता, तोही गेला होता. बोर्ड मेला तेव्हा त्याच्यासमोरचा लोडच नाहीसा झाला.

सगळं काढून सेट मूळपदावर आणला. ते मेण खरवडून कॉइल परत ट्यून करायला अर्धा दिवस गेला.

मी_नवखा | ११.५५

बापरे. वायर दुसरीकडून नेली असती तर चाललं असतं का?

स्वराली२७ | रविवार, रात्री १२.०६

थरथर कमी झाली असती. बाकीचं तसंच. आउटपुट आणि इनपुट एकाच उघड्या डब्यात असलं की थोडंफार परत येतंच. गेन १३ डेसिबल असेल आणि परतीच्या वाटेवर तेवढी अडवणूक नसेल, तर अँप्लिफायरचा ऑसिलेटर होतो. बटण दाबून गप्प बसलात तरी मीटर नाचतो, आवाजात शिट्टी येते. आत करायचंच असेल तर बोर्डाभोवती तांब्याच्या किंवा टिनच्या पत्र्याची बंद पेटी, आत-बाहेर पातळ कोअॅक्स दोन्ही टोकांना अर्थ केलेली, आणि विजेची वायर फीडथ्रू कपॅसिटरमधून. तळहाताएवढ्या जागेत एवढं बसवून पाहा.

डेसिबल | सकाळी ७.२०

उष्णतेचं गणित स्वरालीताईंनी वरवर सांगितलं, मी आकडे घालतो. १०० वॅट काढायला, कार्यक्षमता ५० टक्के धरली तर, २०० वॅट आत जायला हवेत. १३.८ व्होल्टवर साडेचौदा अँपिअर. सीबी सेटच्या वायरीला २ ते ५ अँपिअरचा फ्यूज असतो, आणि वायरही त्याच बेताची. शिखरावर व्होल्टेज १३.८ वरून ११ वर बसलं की माथा तिथेच कापला गेला, बोर्ड कितीही चांगला असो.

लोकांना न दिसणारी गोष्ट अशी: एएमवर नुसत्या कॅरिअरला, म्हणजे २५ वॅटला, एबी क्लासची (एएमला चालणाऱ्या अँप्लिफायरची) कार्यक्षमता आणखी निम्म्याने घसरते. २५ वॅट बाहेर पडतात आणि पंचाहत्तर वॅट उष्णता डब्यात राहते. तीही सतत, बोलत असा वा नसा, बटण दाबलेलं असेपर्यंत.

रात्रपाळी | ७.४४

मग सी क्लास वापरावा. कार्यक्षमता जास्त, बायस (ट्रान्झिस्टर थोडा चालू ठेवणारं स्थिर व्होल्टेज) नको, भाग कमी.

डेसिबल | ८.०२

एफएमवर जरूर वापरा, तिथे अॅम्प्लिट्यूड बदलतच नाही. एएमवर सी क्लास खालचा भाग गिळतो, एसएसबीवर तर आवाजाची दशा करतो. आणि हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट ठिकाणी जाणारे नको असलेले सिग्नल) वाढतात ते वेगळंच.

जुना_ऑपरेटर | ८.३०

हार्मोनिकचं नाव निघालं ते बरं झालं. या धाग्यात मला सर्वात जास्त त्याचीच काळजी वाटते. सेटमधला लो-पास फिल्टर (हार्मोनिक अडवणारा) फायनलच्या नंतर, जॅकच्या आधी असतो. टेकडीपलीकडे म्हणतात तसा बोर्ड फिल्टर आणि जॅकच्या मध्ये घातला तर बोर्डाची सगळी घाण गाळल्याविना अँटेनावर जाते. बोर्ड फिल्टरच्या आधी घालावा, तर फिल्टरचे कपॅसिटर आणि कॉइल ४ वॅटच्या मापाचे.

आता १९ वा चॅनेल घ्या, २७.१८५ मेगाहर्ट्झ. दुसरा हार्मोनिक ५४.३७. तिसरा ८१.५५५. चौथा १०८.७४, आणि १०८ च्या वर विमानं धावपट्टीशी रांग साधायला वापरतात तो लोकलायझरचा पट्टा सुरू होतो. ४ वॅटच्या गाळलेल्या सेटचा चौथा हार्मोनिक नगण्य असतो. न गाळलेल्या १०० वॅटचा तसा असेलच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, आणि तुमच्या मल्टीमीटरवर किंवा एसडब्ल्यूआर मीटरवर तो कधीच दिसणार नाही. त्यासाठी स्पेक्ट्रम अॅनालायझर लागतो. मीटरवर पॉवर वाढलेली दिसते तेव्हा त्यात हार्मोनिकचीही भर असते, हे विसरू नका.

चिमटा | ८.५२

काका, हा मुद्दा निर्विवाद. बाकी कशावरही वाद घालीन, यावर नाही. बोर्डानंतर स्वतंत्र फिल्टर हवाच, मग बोर्ड आत असो वा बाहेर.

गुणगुण | ९.३३

मी जरा वेगळं विचारू? टेकडीपलीकडे यांना मित्राचं *ऐकू* येत नाहीये. स्वतःच्या सेटमध्ये १०० वॅट घातले तर मित्राला हे छान ऐकू येतील. यांना मित्र ऐकू येणार आहे का?

टेकडीपलीकडे | ९.४१

...खरं आहे. म्हणजे दोघांनाही बसवावा लागेल.

गुणगुण | ९.४९

किंवा दोघांनीही अँटेना सुधारायची. ती जाताना जेवढं देते तेवढंच येताना देते. अँटेना कोणती आहे, आणि किती उंचीवर?

टेकडीपलीकडे | १०.१०

गाडीवर लावायची चुंबकाची छोटी अँटेना, गच्चीच्या पत्र्यावर ठेवलेली. जमिनीपासून ४ मीटर असेल. मित्राचीही तशीच. केबल आरजी-५८.

फेराइट | १०.३८

मग तर प्रश्नच मिटला. रेडिओ क्षितिजाचं सूत्र आहे: दोन्ही अँटेनांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढायची, बेरीज करायची, ४.१२ ने गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये. ४ आणि ४ मीटर: साडेसोळा किलोमीटर. तुमचं अंतर १८. तुम्ही क्षितिजाच्या जरासे पलीकडे आहात, म्हणून काठावर आहात. २७ मेगाहर्ट्झच्या लहरी थोड्या वळतात म्हणून सकाळी तरी भागतंय.

दोघांनी ९ मीटर उंची गाठली की उत्तर पावणेपंचवीस. शिवाय मोकळ्या प्रदेशात एका टोकाची उंची दुप्पट केली की साधारण ६ डेसिबल मिळतात, हा ढोबळ नियम आहे. दोन्ही टोकांनी केली तर जवळजवळ १२. अँप्लिफायरचे ८ डेसिबल एकाच दिशेने मिळणार होते, हे दोन्ही दिशांनी मिळतात.

आणि ती छोटी अँटेना बदला. या बँडची पाव लहर पावणेतीन मीटरची. हातभर दांडीत कॉइल गुंडाळून ती लांबी भरून काढली जाते, पण कॉइलमध्ये पॉवर जिरते. अर्ध्या लहरीची उभी अँटेना, साडेपाच मीटरची, तिला जमिनीची तारही फारशी लागत नाही.

चिमटा | १०.५५

उंची वाढली की केबल लांबेल. आरजी-५८ मध्ये ३० मीटरला या फ्रिक्वेन्सीवर दोनेक डेसिबल जातात, आरजी-२१३ मध्ये साधारण निम्मे. पंधरा मीटरपर्यंत ५८ ठेवली तरी रडायचं कारण नाही. उगाच जाड केबलीचा खर्च नको.

स्वराली२७ | ११.१२

आणि दांडी चढवताना विजेच्या तारांपासून लांब. दांडी आडवी पडली तर तिच्या पूर्ण लांबीत कुठलीही तार येता कामा नये, एवढं मोजून मगच जागा ठरवा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि इथेही सांगणार.

मी_नवखा | ११.२०

एसडब्ल्यूआर किती चालतो?

डेसिबल | ११.३५

१.५ ला ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला पंचवीस टक्के. १.५ च्या खाली आणलात की पुढे खटपट करू नका, कानाला फरक कळत नाही. पहिल्या आणि चाळिसाव्या चॅनेलवर मोजा. पहिल्यावर जास्त असेल तर अँटेना आखूड आहे, चाळिसाव्यावर जास्त असेल तर लांब आहे.

टेकडीपलीकडे | पुढचा रविवार, संध्याकाळी ६.०५

मंडळी, काम अर्धं झालंय. आधी जुन्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर मोजला: पहिल्या चॅनेलवर २.६, चाळिसाव्यावर १.६. डेसिबल यांच्या नियमाने आखूड. दांडी जरा वर ओढून दोन्हीकडे १.७ च्या आसपास आणला. मग अर्ध्या लहरीची उभी अँटेना पाइपावर चढवली, पाया साडेआठ मीटरवर. मित्राची अजून जुनीच, पत्र्यावरचीच आहे.

तरी सकाळी त्याचा काटा दोन घरं वर आलाय. दुपारी बाहेरचे आवाज आले तेव्हाही वाक्यं कळत होती, मधूनमधून सुटत होती. बोर्डाचा विचार सोडला.

रात्रपाळी | ६.४०

वा! पण दुपारचं लगेच पक्कं धरू नका. सूर्याचं चक्र चढाच्या जवळपास असलं की २७ मेगाहर्ट्झवर ४ वॅटमध्येही हजारो किलोमीटरचे आवाज येतात. जसजशी सूर्यावरच्या डागांची संख्या उतरेल तसतसा हा गोंगाट आपोआप कमी होईल. तोवर दोघांनी ठरवून गजबजलेल्या १९ पासून लांबचा चॅनेल घ्या.

जुना_ऑपरेटर | ७.१५

पण २७ च्या वरचा नको.

मी_नवखा | ८.०२

मी मात्र काकांचं ऐकून हॅमच्या परीक्षेला बसतोय. परवाना मिळाला की १० मीटरसाठी छोटा अँप्लिफायर *बाहेर*, वेगळ्या डब्यात करायचाय. ट्रान्झिस्टर मित्सुबिशीचा आरडी१६एचएचएफ१ घ्यावा की आयआरएफ५२०? दोन्ही दिसायला सारखेच आहेत.

चिमटा | ८.३०

दिसायला सारखे, पायांना नाहीत. समोरून आयआरएफ५२० चे पाय गेट-ड्रेन-सोर्स, आरडी१६ चे गेट-सोर्स-ड्रेन. आयआरएफ५२० चा धातूचा पाठपत्रा ड्रेनला जोडलेला, म्हणून हीटसिंकवर बसवताना मध्ये अभ्रक आणि स्क्रूला प्लॅस्टिकची बुशी लागते. आरडी१६ चा पत्रा सोर्स, तो थेट हीटसिंकवर आवळता येतो. उष्णताही नीट जाते आणि अर्थही पक्का होतो. आयआरएफ५२० मुळात स्विचिंगसाठी आहे, त्याची गेट कपॅसिटन्स जास्त. शिकायला चालेल. टिकाऊ करायचं असेल तर आरडी१६, पण अस्सल मिळतोय याची खात्री करून घ्या.

डेसिबल | ८.५१

बायस देताना गेटचं व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वर न्या, ड्रेनच्या वायरीत अँपिअर मीटर ठेवा, आणि तेव्हा आरएफ अजिबात देऊ नका. आउटपुटला अँटेना नाही, ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी पॉवर जिरवणारा रेझिस्टर). आरडी१६ ला निवांत करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास ठेवतात.

मी_नवखा | ९.०५

आणि गरम झाल्यावर करंट चढत गेला तर?

स्वराली२७ | ९.२२

त्यासाठी बायसच्या वाटेत एक डायोड घालतात, त्याचं अंग ट्रान्झिस्टरला चिकटवून. ट्रान्झिस्टर तापला की डायोडचं व्होल्टेज उतरतं, बायस खाली येतो. डायोड हवेत लोंबता ठेवू नका. ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर थर्मल पेस्ट लावून चिमटीने दाबा, मग वरून इपॉक्सी. पंधरा मिनिटं डमी लोडवर चालवून करंट लिहीत राहा, वाढून एका ठिकाणी थांबला पाहिजे. थांबला नाही तर वीज काढा आणि डायोड नीट टेकलाय का ते आधी बघा.